डावी कड

तुम्ही खोटं बोललात.

माझ्या भावाला पुसलं, असं तुम्ही मला सांगितलंत. पुसलं नाहीत. ठेवून घेतलंत. त्याचं नाव तेवढं खरवडून काढलंत आणि आता तो अख्ख्या किनारपट्टीवर परक्या माणसांच्या पायांखाली राबतोय. आमच्या घरी येऊन एका शब्दाने कुणी विचारलं नाही. तुमच्या खुर्चीत माणसं बदलत असतील, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. मी खुर्चीशी बोलतेय.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते.

शिरवणे हे आमचं गाव, सिंधुदुर्गात, खाडी समुद्राला मिळते त्या तोंडावर. या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. तो दरवर्षी जागा बदलतो. इंजिनाच्या होडीचा पंखा त्यात रुततो, त्यामुळे दांड्यापलीकडे कुणी बुडायला लागलं की आम्ही काठावर उभं राहून बोंब मारायची, एवढंच व्हायचं. मग तुमच्या खात्याची योजना आली. किनारा पथक. गावातली पोरं काईटबोर्डवर उभी राहून माणसं वाचवणार. डोक्यावर मोठा पतंग, त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला, आणि पायांखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग तुम्हाला, आणि फळी पाण्यावरून सरकते. फूटभर पाणी असलं तरी पुरतं. बोर्ड हा तुमचा शब्द. आम्ही फळीच म्हणतो. वाचवलेल्या माणसाला पुढे पालथं घालून आणायचं असतं, म्हणून आमच्या फळ्या सर्फबोर्डसारख्या लांब होत्या.

मी, तेजल खोबरेकर, त्या पथकात होते. माझा थोरला भाऊ लौकिक आमचा म्होरक्या होता.

फळीचा हिशोब साधा आहे आणि निर्दय आहे. सपाट फळी पळते जोरात, पण लाट आली की नाक खुपसते. टोकं वर उचललेली, म्हणजे बाक जास्त असलेली फळी लाटा पचवते, पण पाणी ढकलत चालते म्हणून मंद. रुंद फळी कमी वाऱ्यातही तरंगते. वारा चढला की तीच तुम्हाला उडवून लावते. कडेला धार असेल तर ती पाण्यात रुतते आणि तुम्ही वाऱ्याच्या तोंडावर तिरकं चढत जाऊ शकता. पण वाऱ्याचा अचानक हिसडा आला आणि ती धार नको तेवढी रुतली, तर फळी जागच्या जागी थांबते आणि तुम्ही पुढे तोंडावर जाता. इथे कमावलं की तिथे गमावलं. म्हणून पूर्वी लोक वाऱ्याप्रमाणे फळ्या बदलायचे.

तुमच्या फळीने हे बदललं. ती काय होती हे मी मान्य करते, वाईट नव्हती. तिच्या आत बारीक फासळ्या होत्या, वीज सोडली की आखडणाऱ्या, बंद केली की सैल पडणाऱ्या. वरच्या कातडीला पावलांचा दाब कळायचा. चालता चालता तिचा बाक बदलायचा, पोट खोलगट व्हायचं, कडा धार धरायच्या किंवा सोडायच्या. आणि ती शिकायची. वर कोण उभं आहे, हिसडा यायच्या आधी ते माणूस कुठल्या टाचेवर भार देतं, कधी घाबरतं, हे लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी त्याच्याआधी तयार होऊन बसायची.

त्यासाठी तुमचा नियम होता, एका माणसाची एकच फळी. दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही.

आणि आम्ही हा नियम पाळला नाही. मुद्दाम नव्हे. आमच्या डोक्यातच तो शिरला नाही. आम्ही रापणवाले, काठावरून जाळं ओढणारे. रापणीचं जाळं गावाचं असतं, दोर गावाचा असतो, ओढायला येईल तो ओढतो आणि मासळीचे वाटे पडतात. माझा दोर, तुझा दोर असं आजवर आमच्यात कुणी म्हटलं नाही. त्यामुळे फळ्या आल्या त्या सगळ्या रापणीच्या मांगरात, जाळी ठेवायच्या खोपटात, गेल्या आणि ज्याच्या हाताला जी लागेल ती घेऊन तो पाण्यात.

मी एकदा लौकिकला म्हटलं होतं, "दादा, ह्यांनी नावं घालून दिलीत रे फळ्यांवर."

"फळी काय बायको आसा, एकट्याची ठेवूक?" तो म्हणाला.

"तुका बायको गावली नाय म्हणान असा बोलतस," संकेत मागून ओरडला. संकेत मेथर, आमच्यातलाच. तेव्हा त्याचं-माझं जमलं होतं.

वर्षभराने तुमच्या इंजिनिअर मॅडम फळ्या तपासायला आल्या. तरुण बाई, नाक उन्हाने सोललेलं. लॅपटॉप लावला आणि कपाळाला हात.

"काय केलंत हे? सगळ्या फळ्यांना वाटतंय की तुम्ही सगळे मिळून एकच माणूस आहात!"

"मॅडम," संकेत म्हणाला, "आमका पन तसाच वाटता."

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, यंत्रं बिघडवलीत तुम्ही. आम्ही मान खाली घातली, कारण बाई शिकलेली होती आणि आम्ही हसत होतो.

पण त्या एका माणसाबद्दल मला बोलायचं आहे. फळ्यांना जो एकच माणूस वाटला, तो कोण होता?

लौकिकचा डावा घोटा लहानपणी मोडला होता आणि वाकडा सांधला गेला. तो पुरता वाकायचा नाही. फळीवर डावा पाय पुढे असतो आणि हिसडा आला की आपण डावी टाच दाबून कड रुतवतो. लौकिकला ते जमायचंच नाही. मग तो काय करायचा, हिसडा यायच्या जरा आधी गुडघा मुडपून डावी कड सैल सोडायचा, फळी बोटभर घसरू द्यायचा, हिसड्याचा जोर त्या घसरण्यात मरायचा, आणि मग कड धरायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, वाऱ्याला वाट देऊन हा मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवतोय. आम्ही सगळे त्याच्याकडूनच शिकलो, म्हणून आमचे धडधाकट घोटेही तेच करायला लागले. आणि आमच्या हातून हातात फिरणाऱ्या फळ्यांनी तेवढंच एक पक्कं धरलं. बाकी प्रत्येकाचं वेगळं होतं. हे एक सगळ्यांचं होतं.

दुसऱ्या गावांतल्या फळ्या आपापल्या माणसाला शिकल्या. त्या माणसाखेरीज कुणाच्याच कामाच्या नाहीत. आमच्या फळ्या जाड्याला, बारक्याला, बाईला, पुरुषाला, कुणालाही पेलायला शिकल्या. आमच्या चुकीमुळे. हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात, भातलावणीच्या चिखलात राबून आल्यावर, लौकिकला ताप भरला. डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देईना. लेप्टो, साचलेल्या पाण्यातून होणारा आजार. निदान झालं तोवर उशीर झाला होता. ज्याला समुद्राने कधी ओरखडा काढला नाही, त्याला गुडघाभर चिखलाने नेलं. मला अजून राग कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तो इथे तुमच्यावर निघत असेल तर निघू दे, तुम्ही तेवढ्याचे धनी आहातच.

पाऊस सरला, समुद्र निवळला, मी मांगरातली पहिली हाताला लागली ती फळी घेऊन उतरले. दुपारचा वायव्येचा वारा. दांड्याच्या पलीकडे गेले. लांब पाण्यावर काळी सावली धावत येताना दिसली, म्हणजे हिसडा. मी टाच दाबायच्या आधीच डाव्या पायाखाली फळी मऊ झाली. घसरली बोटभर. थांबली. धरलं तिने.

तो होता.

भूत म्हणू नका, मी भुतांना मानत नाही. आत्मा म्हणू नका. तो एक बाक होता, कडेच्या धारेतला थोडा फरक होता, हे मला तुमच्याइतकंच कळतं. पण माणूस आपल्याला ओळखू कशाने येतो? दारात चप्पल काढायच्या आवाजाने येतो. जिन्यावरच्या पावलाने येतो. मला माझा भाऊ हिसड्याच्या आधीच्या त्या घसरण्याने ओळखू आला. मी दोऱ्या धरून पाण्यावर मोठ्याने रडले आणि फळीने मला पडू दिलं नाही.

त्यानंतर मी रोज जायचे. वारा मंद असला तर तो यायचा नाही, हिसडा लागायचा. मग मी वादळी दिवसांची वाट बघायला लागले. शहाणी माणसं होड्या वर घेत असताना मी पतंग फुगवायचे. माझा डावा घोटा दुखायला लागला. धडधाकट घोटा! फळीला लौकिक हवा होता आणि मी तिला तो देत होते, त्याच्यासारखी वाकून, त्याच्यासारखी लंगडून.

संकेतने एकदा वाळूत माझा पट्टा पकडला.

"आज नाय जायचा. वारो बघ."

"सोड."

"काय गो, भावाक शोधतंस काय पान्यात?"

"शोधत नाय. थय आसा तो."

"मगे मी खंय आसय?" तो म्हणाला. "पान्यात असतंस तेव्हा हसतंस. भायर इलंस की माझ्याकडे बघतंस ती परक्यासारखी. मी थांबतंय गो, पन तू मागे वळान बघलंस तर मी थांबतंय हे दिसात तरी."

मी पट्टा सोडवून घेतला आणि गेले. तो त्या दिवशी वारा पडेपर्यंत काठावर उभा होता, आणि मी खरंच वळून बघितलं नाही.

मग तुम्ही फळ्या न्यायला आलात. नियम मोडला म्हणून शिक्षा. त्या जागी साध्या, काही न शिकणाऱ्या फळ्या टाकल्यात. मी गाडीच्या आडवी उभी राहिले. मॅडमना म्हटलं, एक ठेवा. बाकी न्या. एक.

"आतलं सगळं पुसायचंय," त्या म्हणाल्या. "सॉरी. तसाच आदेश आहे."

"पुसलं की काय होतं?"

"काही नाही. कोरी होते."

मी बाजूला झाले. भावाला दुसऱ्यांदा पोचवून आले असं मला वाटलं. आता विचार केला की संतापाने कानशिलं तापतात. त्या दिवशी मी दुःख केलं ते फुकट होतं, आणि तुम्हाला ते फुकट आहे हे ठाऊक होतं.

पुढच्या सीझनला मी उत्तरेकडच्या एका पर्यटनाच्या किनाऱ्यावर काम धरलं. तिथे तुमच्या नव्या फळ्या आल्या होत्या. पहिल्याच दिवशी उभं राहता येतं, म्हणून लोकांच्या उड्या. मी काठावर पतंगांच्या दोऱ्या सोडवत होते. एक पोरगी पाण्यात होती, नाशिककडची कुणीतरी, आदल्या दिवशी शिकलेली, मांजरासारखी अंग चोरून उभी. लांब पाणी काळं झालं. मी ओरडणार होते, की आता आपटणार ही.

तिने डावा गुडघा मुडपला. फळी बोटभर घसरली. तिने वाऱ्याला वाट दिली आणि धरलं.

माझ्या हातातल्या दोऱ्या गळल्या. ती पोरगी नव्हतीच माझ्यासमोर. तो लौकिक होता, गुलाबी लाइफ जॅकेट घालून. तिच्या मागे एक टकलू गृहस्थ होते, ते तसेच वळले. त्यांच्या मागे एक नवरा-बायको. सगळे जरासे लंगडत होते. कुणालाही घोट्याचं दुखणं नव्हतं.

पोरगी बाहेर आली, खुशीत.

"किती मस्त आहे ना हा बोर्ड! पडायला लागलं की कुणीतरी कोपराला धरल्यासारखं वाटतं."

"कुणी?" मी विचारलं.

"म्हणजे कुणी असं नाही हो. बोर्डच."

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या ऑफिसात. मॅडमनी मला ओळखलं, आणि त्यांनी ओळखलं हे बघूनच मला कळलं की खरं आहे.

"तुम्ही म्हणालात पुसलं."

"पुसलंय," त्या म्हणाल्या. "कुणाची फळी, कोण उभं होतं, सगळी ओळख पुसली. आकार ठेवला. तुमच्या गावचा आकार इतर कशाहीपेक्षा चांगला निघाला, तेजल. नवखी माणसं पडायची कमी झाली. आता सगळीकडे तोच आहे."

"तो आकार म्हणजे माझा भाऊ आहे."

"तो एक आकार आहे. त्यात तुम्ही सगळेच आहात, एकत्र कालवलेले. एकट्याला वेगळं काढता येत नाही."

"तुमचा भाऊ असता तर असंच म्हणाल्या असतात?"

त्यांनी समोरचा लॅपटॉप मिटला. त्या वाईट बाई नाहीत, आणि त्यामुळे मला जास्त राग येतो. शेवटी म्हणाल्या, कुटुंबाची हरकत असेल तर मी वर सांगेन, आकार मागे घ्यावा लागेल. सगळीकडून. मग जुना सपाट आकार परत येईल. आणि तुम्ही ज्याला तो म्हणताय, तो कुठेच राहणार नाही. एवढं बोलून त्यांनी स्वतःच एक नवी लांब फळी माझ्या खांद्यावर दिली. "आईंना दाखवा. मग सांगा."

मी फळी घेऊन घरी आले आणि आयेला सगळं सांगितलं. आमची आये बाजारात मासे विकते. जन्मभर समुद्राच्या जिवावर जगली, पण पाण्यात घोट्यापलीकडे कधी गेली नाही. आमच्यात बायका सुकवतात, विकतात, भांडतात. पाण्यात उतरणारी मीच पहिली. तिने ऐकून घेतलं, सुरमईचे तुकडे करायचे राहिले होते ते पुरे केले, हात धुतले.

"माका ने," ती म्हणाली.

"आये, वेड लागला? हिसडो लागता तेका. साध्या पान्यात नाय येवचो तो."

"मगे हिसड्यात ने. माशे इकून इकून माजे हात काय लोण्याचे झाले?"

खाडीच्या तोंडाशी नेलं. संकेतने न बोलावता येऊन पतंग धरला, आयेला लाइफ जॅकेट बांधलं. तिने लुगड्याचा काष्टा करकचून मारला आणि वाचवलेल्या माणसाला घालतात तशी फळीच्या पुढच्या भागावर पालथी झाली. दोन्ही हात दोन्ही कडांवर. मी तिच्या मागे उभी. संकेतने पतंग सोडला आणि आम्ही निघालो. आये पहिल्यांदा मला, मग पाण्याला आणि मग तुम्हाला शिव्या देत होती. त्या इथे लिहिता येत नाहीत.

दांड्याजवळ पाणी काळं झालं. मी काहीच केलं नाही. टाच उचलून धरली, म्हणजे जे होईल ते फळीचंच होऊ दे.

आयेच्या डाव्या तळव्याखाली कड मऊ झाली. आम्ही घसरलो. कड परत घट्ट झाली.

शिव्या थांबल्या. तिने गाल फळीला टेकवला. वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही, पण ती बोलत होती, सावकाश, जेवताना पोराशी बोलतात तसं. पुढच्या हिसड्याला ती एवढंच मोठ्याने म्हणाली, "हय लंगडता बघ. तोच."

आम्ही वारा पडेपर्यंत फिरलो. काठावर आल्यावर ती वाळूत बसली, ओलीचिंब, दात वाजत होते. संकेतने आपला शर्ट तिच्या खांद्यावर टाकला. मी विचारलं, आये, काय सांगू तेंका? तू म्हणशील तर सगळीकडून काढायला लावते.

"काढूक सांगू नको," ती म्हणाली. "लोकांची पोरां पडतली. तेका आवडाचा नाय."

"असंच सोडून द्यायचं?"

"सोडूक कोण सांगता?" ती माझ्यावरच खेकसली. "लग्नाक चेडू मागूक येतत ते पन दारात येवन बसतत, पानी पितत, आवशी-बापाशीक इचारतत. ह्येंनी माझो पोटचो झिल गावभर दिल्यानी, माका इचारूक कोण इलो?"

संकेतने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. किती दिवसांनी, ते मला विचारू नका. मला अजून त्या फळीवर जायचं असतं, रोज. तो काठावर असतो हे आता मला दिसतं, एवढंच मी सांगू शकते.

आये मग उठली, फळीवरची वाळू पदराने पुसली, आणि म्हणाली, "तेंका एक इचार. पावसात सगळे होड्यो वर काढतत. फळ्ये पन काढीत असतले. तेवढे दिवस तेका घरी धाडतत काय?"

म्हणून आकार मागे घ्या असं मी सांगत नाही. वापरा. तो लोकांना सावरतोय, सावरू दे. पण त्याच्यावर त्याचं नाव परत घाला, आणि पहिल्यांदा आमच्या दारात येऊन बसा, माझ्या आयेच्या हातचं पाणी प्या, आणि जे आधी विचारायचं होतं ते आता विचारा.

आणि तिला उत्तर द्या. समुद्र खवळायला लागलाय, तुमच्या फळ्या आठवड्याभरात गोदामात जातील. चार महिने त्यांच्यावर कुणीही उभं राहणार नाही. तेवढे दिवस त्याला घरी धाडता की नाही?

धाडता की नाही, बोला.